मधल्या सरातला पाचवा मणी

मी नकला तपासतो. कुणी जुन्या कागदाची नक्कल मागितली, की मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला ठेवायची, एकेका ओळीवरून बोट फिरवत दोन्ही जुळतात का ते पाहायचं आणि खाली शिक्का मारून सही करायची. सव्वीस वर्षं मी हेच करत आलो आहे. या कामाला डोकं लागत नाही, असं आमच्या कचेरीतले बरेच लोक माझ्या पाठीमागे आणि एकदोघं तोंडावरही म्हणतात. डोकं लागत नाही हाच तर या कामाचा थोरपणा. बोट ओळीवरून चालत असतं आणि डोकं मोकळं, कुठंही हिंडून यायला. माझं फार लांब जाऊन येतं.

कानातलं हरवलं तेव्हाही ते असंच हिंडायला गेलं होतं.

बुधवारी संध्याकाळी माझ्या मोठ्या मेव्हणीचा फोन आला. मोठी मेव्हणी म्हणजे आमच्या हिची सख्खी बहीण, हिची ताई. फोन सहा वर्षांनी आला. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा त्यांना कुणाकडे ठेवावं यावरून दोघी बहिणींचं वाजलं. सासूबाई आमच्याकडे आल्या, आमच्याकडेच गेल्या, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघी एकमेकींना जे बोलू नये ते बोलल्या. चूक कुणाची, एवढाच मुद्दा होता. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही, काही नाही. आणि आता ताई म्हणत होत्या, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्या गावावरून पुढे जायचंय, अकराला येईन, दोनची गाडी आहे.

फोन ठेवल्यावर ही खुर्चीत बसली. मग उठली, कपाटाच्या आतल्या कप्प्यातून एक काड्यापेटी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत कापसावर मण्यांची दोन कानातली होती. तिच्या लहानपणची. ती तिनं घातलेली मी कधी पाहिली नव्हती. हूक पार गंजले होते.

“यांचे हूक तेवढे बदलून आणा,” ती म्हणाली. “त्या दिवशी मला ही कानात हवीत. ही असली तर मी नीट बोलेन. नाहीतर पुन्हा काहीतरी तोडून बोलेन, आणि मग ताई काही परत यायची नाही.”

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. हिनं माझ्याकडे इतकं सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी काड्यापेटी खिशात घातली आणि काळजी करू नकोस म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो की ही काळजी करू लागते, असा अनुभव आहे.

गुरुवारी बसथांब्यावर उभा होतो. बस यायची होती, ऊन कोवळं होतं, आणि मी सहज एक कानातलं काढून उजेडात धरलं. काचेचा मणी उजेडात धरायची कधी वेळ आली तर बसलेल्या जागी धरा, एवढं सांगून ठेवतो. वर गोल कडी, कडीला तारेचे तीन सर, प्रत्येक सरात साबुदाण्याएवढे सात मणी, एक निळा एक पांढरा, आणि मधल्या सराच्या टोकाला निळ्या काचेचा थेंब. तो थेंब मी डोळ्याशी नेला. समोरचा अख्खा रस्ता निळा झाला. समोरून एक गृहस्थ फायलींचा गठ्ठा घेऊन चालले होते, ते चालायचे थांबून पोहू लागले. दुकानांच्या पाट्या तळाशी बसलेल्या, सायकलींची चाकं आवाज न करता फिरतायत, आणि मी आपला पाण्याखाली श्वास घेत उभा. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. बस आलेली मला कळलीच नाही. मागच्या बाईंनी “चढताय का?” म्हणून ढोसलं, कानातलं बोटातून सुटलं, फुटपाथवर एकदा टुणकन उडालं आणि गटाराच्या जाळीतून आत गेलं.

मी गुडघ्यावर बसून जाळीत पाहिलं. खाली पाणी होतं आणि ते कुठंतरी जात होतं. बस तर गेलीच, पण थांब्यावर उरलेल्या चार माणसांनी मला सोडलं नाही. एकानं काठीला डिंक लावायला सांगितलं. दुसऱ्यानं लोहचुंबक सुचवलं आणि काचेला लोहचुंबक चालत नाही म्हटल्यावर माझ्यावरच रागावला. तिसऱ्यानं सांगितलं, की जाळी उचलायचं काम नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागाचं. मी तिथं गेलो. तिथल्या कारकुनानं फार सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि छापील अर्ज दिला. अर्ज वस्तूच्या मालकानंच करायचा होता. मी मालकाचा नवरा आहे म्हटलं, तर मालकाचं संमतिपत्र आणा म्हणाला. मालकाला कळू द्यायचं नाही म्हणून तर मी तिथं उभा होतो. अर्ज घडी करून काड्यापेटीशेजारी ठेवला आणि बाहेर आलो.

घड्याळं आणि खोटे दागिने दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं उरलेल्याला नवा हूक बसवून दिला, आणि दुसरं करून देशील का विचारल्यावर भिंगातून पाहत म्हणाला, “साधारण असंच करून देतो की.”

मी ते कानातलं त्याच्या हातातून काढून घेतलं. ‘साधारण असंच’ हे शब्द आमच्या विभागात चालत नाहीत. नक्कल एकतर मुळाप्रमाणे असते किंवा ती नक्कलच नसते. सव्वीस वर्षं ज्यानं हजारो कागद अक्षराला अक्षर जुळवले, त्यानं बायकोच्या कानात ‘साधारण’ लटकवायचं? मीच करणार, असं मी त्या दुकानात ठरवलं. कारागिरानं मला आधी कधी केलंय का विचारलं. सुरुवात प्रत्येकाला करावीच लागते, असं म्हणून मी बाहेर पडलो. वाक्य चांगलं झालं, पण रस्त्यावर आल्यावर मी खिशातली काड्यापेटी दोनदा चाचपून पाहिली.

आमची ही शाळेत शिकवते, आणि शाळा सकाळची. ती साडेसहाला बाहेर पडते, मी साडेनऊला. मधले तीन तास घर माझं एकट्याचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खिडकीतून उजेड येतो, तिथं मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि नवशिक्यांसाठी घरच्या घरी मण्यांची कानातली शिकवणाऱ्या एका बाईंचा व्हिडिओ लावला. बाईंचा चेहरा दिसत नाही. फक्त हात दिसतात आणि आवाज येतो. आता हळूच एक मणी घ्या, तो तारेत ओवा, तार थोडी वळवा, घाई करायचं काही कारण नाही. माझ्याशी इतक्या शांतपणे आयुष्यात कुणी बोललेलं नाही. पहिल्या दिवशी मी तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा तिसऱ्या पायरीनंतर माझी नजर त्या हातांवरून खिडकीकडे, खिडकीतून ढगांकडे गेली. कचेरीला उशीर झाला. मणी एकही ओवला नव्हता, कारण मणी नव्हतेच. ते मी पार्सलनं मागवले होते, आणि घरी कळू नये म्हणून पत्ता कचेरीचा दिला होता.

तोवर सराव म्हणून बेडरूमच्या पडद्याच्या झालरीचे लाकडी मणी कापून घेतले. रोज थोडे थोडे. आणि हत्यारं मागायला खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर निवृत्त आहेत, पण दवाखान्यातलं सगळं सामान त्यांनी घरी आणून ठेवलं आहे आणि ते वापरायला कुणी मिळत नाही याचं त्यांना दुःख आहे. मी गुपित सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी मला तीन जातीच्या पकडी, एक आरसा लावलेली काडी आणि दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचं रीळ दिलं. तारेपेक्षा हा दोरा कधीही चांगला, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या दोऱ्यावर ओवलेलं माझं पहिलं कानातलं जमिनीपर्यंत लोंबत होतं आणि त्याला पेपरमिंटचा वास येत होता. मग डॉक्टरांनी वाकडे दात सरळ करायची बारीक तार काढली. ती अप्रतिम होती. ही तार मुलांच्या जबड्यात दोन वर्षं टिकते, तुमच्या बायकोच्या कानात काय धाड भरलीय, असं ते म्हणाले.

पार्सल शनिवारी आलं आणि तिथं माझे ग्रह फिरले. आवक-जावक टेबलावरच्या बाई नियमाला पक्क्या. कचेरीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट कचेरीचं, म्हणून त्यांनी ते फोडलं, ‘काचेचे मणी, निळे व पांढरे, प्रत्येकी एक पुडी, व निळा थेंब एक’ अशी नोंद केली आणि शिक्का मारून वर पाठवून दिलं. सोमवारी ते बड्या बाबूंच्या टेबलावर होतं. त्यांनी ‘पाहिले’ असं लिहिलं. मंगळवारी त्यांच्याही वरच्या टेबलावर कुणीतरी ‘मण्यांचे प्रयोजन समजत नाही, चर्चा करावी’ असा शेरा मारला. माझे मणी एका फायलीत टाचणीनं टोचून माझ्या डोळ्यांदेखत खोल्याखोल्यांतून हिंडत होते आणि मी नकलांवरून बोट फिरवत बसलो होतो. अक्षरं मला मण्यांसारखी दिसायला लागली होती. एका दस्तातल्या सगळ्या काना-मात्रांचं मी मनातल्या मनात सुंदर कानातलं केलं आणि सही करायची विसरलो.

शेवटी साहेबांनी बोलावलं. मी जे आहे ते सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं, पुडी उघडली, एक निळा मणी बोटावर घेऊन खिडकीशी धरला आणि बराच वेळ त्यातून बाहेर पाहत राहिले. त्यांचंही डोकं हिंडायला जातं हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी हुकूम दिला, की मणी संबंधिताच्या ताब्यात द्यावेत, मात्र पाकिटावरच्या पत्त्याची खरी नक्कल दप्तरी ठेवावी. नक्कल मीच करणार हे उघड होतं. पण स्वतःच्या कामाच्या नकलेवर स्वतः सही करता येत नाही, हा नियमही मीच मागे एका बैठकीत आग्रहानं करवून घेतला होता. त्यामुळे शेजारच्या इमारतीतला दुसरा नकला तपासणारा रजेवरून परत येईपर्यंत थांबावं लागलं. मणी बुधवारी संध्याकाळी हातात आले. हातात आता तीन सकाळी उरल्या होत्या.

या काळात ही रोज विचारायची, हूक बसले का. मी म्हणायचो, कारागीर आजारी आहे. दुसऱ्या दिवशी तो गावाला गेला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याला आजारी पाडलं. ही आरशासमोर उभी राहून मोकळ्या कानांच्या पाळ्या चिमटीत धरायची. एकदा ती तशीच उभी असताना हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. ताईशी बोलायची वाक्यं पाठ करत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी उगीचच जाऊन भांडी घासली. त्यानं तर तिला पक्का संशय आला असणार.

गुरुवारी सकाळी मी मूळ कानातलं डाव्या हाताला ठेवलं, तार उजव्या हाताला ठेवली आणि भिंग लावून एकेक मणी वाचायला घेतला. डावा सर बरोबर, उजवा सर बरोबर. मधल्या सरात पाचव्या जागी मी थांबलो. तिथं निळा हवा होता आणि पांढरा होता. चौथा पांढरा, पाचवा पांढरा, सहावा पांढरा. तीन पांढरे मणी एका रांगेत.

चूक होती. करणाऱ्याची उघड चूक. पकडीचं कसं चाललंय ते पाहायला आलेल्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, “किडलेला दात दिसतोय तो. तुम्ही करताय त्यात दुरुस्त करून टाका.”

त्यांना मी शांतपणे समजावून सांगितलं, की दुरुस्ती करणं हे माझं काम नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्यासमोर एक कागद आला होता, त्यात तारीख होती एकतीस जून. मी नकलेत समजूतदारपणे तीस जून केलं. त्यावर मला जो लेखी मेमो मिळाला तो अजून माझ्याकडे आहे. मूळ कागदात जून महिन्याला एकतीस दिवस असतील, तर नकलेतही एकतीसच हवेत. कागद लिहिणाऱ्याची चूक ही कागदाची मालमत्ता आहे. डॉक्टरांनी पुष्कळ वाद घातला. हरवलेल्या कानातल्यातही ती चूक होती हे कशावरून, असंही त्यांनी विचारलं. ते कानातलं मी निरखून पाहिलं नव्हतं हे खरं आहे, त्यातून फक्त रस्ता पाहिला होता. पण ते आता पुरावा म्हणून उपलब्ध नव्हतं. जो कागद समोर आहे त्याचीच नक्कल होते.

शुक्रवारी दोन सर पूर्ण झाले आणि तिसरा ओवताना माझा कोपर पुडीला लागला. मणी टेबलावरून निघाले आणि स्वयंपाकघरभर पसरले. फ्रिजखाली, गॅसच्या ओट्यामागे, माझ्या पायजम्याच्या दुमडीत. मी खाली बसलो. आणि तेवढ्यात ऊन खिडकीतून आत आलं आणि फरशीवरचा प्रत्येक मणी आपापल्या जागी पेटला. मी गोळा करायला वाकलो होतो तो तसाच बसून राहिलो. आपण लहान असताना फरशीच्या इतकं जवळ राहायचो, नाही? तिथून घर केवढं मोठं दिसायचं. टेबलाच्या पायांमधून वारा जायचा आणि वरती मोठी माणसं कशावरून तरी बोलत असायची. ती भांडत होती की हसत होती हे खालून कळायचं नाही. मी किती वेळ बसलो ते सांगता येत नाही, पण भानावर आलो तेव्हा ऊन ओट्यावर चढलं होतं आणि त्या दिवशी मी रजेचा अर्ज फोनवरून दिला. कारण म्हणून ‘घरगुती अडचण’ सांगितली. ओलं बोट टेकवून एकेक मणी उचलत दुपार झाली. तरी एक निळा मणी राहिलाच. तो संध्याकाळी साखरेच्या डब्यात हिच्या चमच्यात निघाला. हिनं तो हातावर घेऊन माझ्याकडे पाहिलं. हल्ली साखरेत काहीही येतं, असं मी म्हणालो.

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कानातलं पूर्ण झालं. दहापैकी सहा बोटांना पट्ट्या होत्या. ते मी मुळाशेजारी ठेवलं, बोट फिरवत वरून खाली, खालून वर तपासलं. एकवीस मणी, एक थेंब, तीन सर, मधल्या सरात पाचव्या जागी पांढरा. कोणतं कुठलं ते मलाच सांगता येईना. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केल्या, हे पहिलंच काहीतरी माझ्या हातून झालेलं होतं.

संध्याकाळी ती काड्यापेटी हिच्या हातात दिली. कारागीर बरा झाला, म्हटलं. हिनं चष्मा लावला, दोन्ही कानातली तळहातावर घेतली आणि खिडकीशी नेऊन पाहू लागली. खूप वेळ पाहत होती. मी पडद्याच्या उरलेल्या झालरीकडे पाहत उभा राहिलो. शेवटी तिनं ती कापसावर ठेवली.

“काम छान केलंय,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

रविवारी अकराला ताई आल्या. केस पार पांढरे झालेले, चाल तीच. बसल्या. प्रवास कसा झाला ते विचारून झालं. गाडीत गर्दी होती का, नव्हती. पंखा वाढवू का, नको. चहा झाला. मग तिघांनाही काही सुचेना आणि पंख्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला. हिचे ओठ किंचित हलत होते. पाठ केलेली वाक्यं ती शोधत होती आणि तिला ती सापडत नव्हती हे मला दिसत होतं. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. एवढं येऊन बाई चहाचा कप ठेवून जाणार.

तेवढ्यात त्यांचं लक्ष हिच्या कानाकडे गेलं. त्यांनी पर्स उघडून चष्मा लावला, उठल्या, टेबलाला वळसा घालून हिच्या खुर्चीशी आल्या. एका बोटानं उजवं कानातलं उचललं.

“हे तुझं,” त्या म्हणाल्या. मग डावं उचललं. ते बराच वेळ धरून ठेवलं. “आणि हे?”

“ते तुझं,” ही म्हणाली.

“माझ्यात चूक नव्हती.”

तेव्हा मला उमगलं. ही जोडी दोघींनी मिळून केली होती. चौदा वर्षांच्या ताईनं एक, नऊ वर्षांच्या हिनं एक. ताईचं बिनचूक होतं. हिच्या हातून पाचवा मणी चुकला होता. उसवून पुन्हा कर म्हणून ताई मागे लागली होती आणि सासूबाईंनी राहू दे म्हटलं होतं. हे सगळं मला नंतर समजलं, पण मुख्य गोष्ट त्या क्षणीच समजली. मी गटारात घालवलं ते ताईंचं. आणि माझ्या तत्त्वनिष्ठेनं हिची चूक ताईंच्या कानातल्यात नेऊन बसवली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यातही ताई जवळजवळ हेच वाक्य बोलल्या होत्या.

आता कबूल करून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. टेबलाखालून हिचा पाय माझ्या पायावर पडला आणि जोरात दाबला गेला. तिला माहीत होतं. कालच खिडकीशी माहीत झालं होतं, आणि तरी तिनं ती घातली होती.

“नव्हती,” ही म्हणाली. “आता दोन्हीत आहे.”

हे वाक्य तिनं पाठ केलेलं नव्हतं. आणि त्यात तोडणं नव्हतं. ताई तशाच उभ्या राहिल्या, बोटावर कानातलं धरून. मग शेजारची खुर्ची ओढून बसल्या, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशा.

“आईला तुझ्याकडेच बरं वाटत होतं,” त्या म्हणाल्या. “मला दिसत होतं ते. मला ते सहन होत नव्हतं, म्हणून तुला बोलले.”

“दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला दोन दिवस आधी सांगितलं होतं,” ही म्हणाली. “मी तुला तेव्हाच बोलवायला हवं होतं. मला शेवटचे दोन दिवस आई एकटीला हवी होती. ताई, मी तुला मुद्दाम उशिरा कळवलं.”

हे मला सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ताईंनी डोळे मिटून घेतले. मग हिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि दोघी रडू लागल्या. मी कुठं पाहावं ते न कळून कपबशा गोळा केल्या.

आणि दारावरची बेल वाजली. दातांचे डॉक्टर. कानातलं झालं असल्यास पाहावं आणि पकड घेऊन जावी म्हणून स्वच्छ शर्ट घालून आले होते. “झालं का हो तुमचं ते…” एवढं त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, तोच मी त्यांच्यासकट जिन्यात गेलो आणि मागे दार ओढून घेतलं. आयुष्यभर माणसांना तोंड उघडायला सांगणाऱ्या त्या गृहस्थांना मी तोंड मिटा म्हणून सांगितलं. त्यांनी मिटलं. आम्ही दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसलो. आतून कधी रडणं ऐकू येत होतं, कधी हसणं, आणि दाराबाहेरून कोणतं कधी आहे ते नीट कळत नव्हतं. डॉक्टरांनी हळूच विचारलं, नक्कल पास झाली का. मी मान हलवली.

दोनची गाडी गेली. साडेपाचच्या बसला ताईंना पोचवायला आम्ही निघालो. निघताना ताईंनी हिच्या डाव्या कानातलं काढून घेतलं, माझं मला दे म्हणाल्या, आणि स्वतःच्या कानात घातलं. आरशात पाहताना कडी निरखत त्या म्हणाल्या, “हे नवीन ओवलंस ना तू? तारेचं वेटोळं बघ किती गोल आलंय. हात फार सुधारला गं तुझा.”

“करत असते थोडंफार,” आमची ही म्हणाली.

मी तिथंच उभा होतो, एका हातात ताईंची बॅग, दुसऱ्यात पाण्याची बाटली आणि सहा बोटांना पट्ट्या. ताईंनी पट्ट्यांकडे पाहून काय झालं विचारलं. स्टेपलर, असं मी म्हणालो. रस्त्यानं दोघी पुढे, मी मागे. एकीच्या उजव्या कानात एक हलत होतं, दुसरीच्या डाव्या कानात एक, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. ऊन उतरलं होतं. मला सांगावंसं फार वाटत होतं. बस सुटेपर्यंत ते वाक्य माझ्या ओठांवर चार वेळा आलं आणि चारही वेळा मी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

बस वळणावर दिसेनाशी झाली, तरी ही हात हलवतच होती. मग तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि भर स्टँडवर एकेका बोटाची पट्टी पाहिली.

“कारागीर बराच आजारी होता म्हणायचा,” ती म्हणाली.

मी बोटं मिटायला गेलो, तिनं मिटू दिली नाहीत.

“ताई पुढच्या महिन्यात येतेय. चार दिवस राहायला.” तिनं ‘चार दिवस’ पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हटलं. “मण्यांचं काम मला शिकव म्हणालीय. तेव्हा तुम्ही मला उद्यापासून शिकवायला लागा.”